आधी प्रश्न, मग चौकट

प्रिय विद्यार्थिनीस,

सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र सावकाश वाचले. मार्क्स, वेबर, दुर्खीम आणि बोर्दिए यांच्यापैकी कोणाची सैद्धान्तिक चौकट समाजशास्त्राच्या प्रबंधाला लावावी, या विवंचनेत तू चार पाने खर्ची घातली आहेस, आणि अगदी शेवटी, जाता जाता, दोन ओळींत एक निरीक्षण नोंदवले आहेस. ॲपवरून आलेल्या ऑर्डरी घरोघर पोहोचवणारा एक मुलगा दाराची घंटा वाजवण्यापूर्वी रुमालाने तोंड पुसतो, मोबाइलच्या काळ्या पडद्यात स्वतःचा चेहरा पाहतो आणि त्यावर हसू आणतो, कारण ग्राहकाने स्टार कमी दिले तर पुढच्या ऑर्डरी कमी येतील अशी त्याला धास्ती असते. या दोन ओळी त्या चार पानांवर भारी आहेत, आणि ते तुझ्या लक्षात आले नाही याचे मला वाईट वाटले. खरे सांगायचे तर रागही आला; तुझ्यावर कमी, आणि आपला विषय ज्या रीतीने शिकवला जातो तिच्यावर अधिक.

एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच विचारवंत कॉम्तपासून आजपर्यंत प्रत्येकाने आधीच्याला खोडून काढले आहे, मग खरे कोणाचे मानायचे आणि वापरायचे कोणाचे, असा तुझा सवाल आहे. तुझा गोंधळ बुद्धीच्या कमतरतेतून आलेला नाही. तुला वर्षानुवर्षे उत्तरपत्रिका वाचायला दिल्या आणि प्रश्नपत्रिका एकदाही दाखवली नाही. अशा वाचनातून गोंधळाखेरीज दुसरे काही निष्पन्न होणे शक्यच नव्हते.

माझे सांगणे एकच आहे आणि तू कंटाळलीस तरी ते मी या पत्रात पुन्हा पुन्हा सांगणार आहे. प्रत्येक सिद्धान्त हे कोणत्या तरी प्रश्नाचे उत्तर असते. तो प्रश्न कोणाला पडला, कधी पडला, का पडला आणि त्याचे उत्तर कोणाशी भांडत भांडत दिले गेले, हे कळेपर्यंत तो सिद्धान्त तुला कळलेला नाही. व्याख्या तोंडपाठ असली तरी नाही, आणि परीक्षेत पैकीच्या पैकी गुण पडले तरी नाही.

दुर्खीमचा १८९७ सालचा आत्महत्येवरचा ग्रंथ घे. तुझ्या वहीत त्याचा तक्ता नक्की असणार: आत्मकेंद्री, परार्थी, प्रमाणकशून्यतेतून (म्हणजे समाजाचे नियम सैल पडल्यामुळे) होणारी आणि दैववादी असे चार प्रकार, प्रत्येकापुढे एक ओळ व्याख्या आणि एक उदाहरण. आता मूळ ग्रंथ उघड आणि चौथा प्रकार शोध. त्याला स्वतंत्र प्रकरण नाही. प्रमाणकशून्यतेच्या प्रकरणाच्या अखेरीस एका तळटीपेत तो येतो, आणि आजच्या काळात त्याला फारसे महत्त्व उरलेले नाही असे म्हणून दुर्खीम तिथेच तो विषय सोडून देतो. असे का झाले, हा विचार तक्ता पाठ करणाऱ्याच्या मनात येऊच शकत नाही. दुर्खीमला चार खाने भरायचे नव्हते. १८७० च्या युद्धात प्रशियाकडून झालेला पराभव, त्यानंतर उभे राहिलेले तिसरे प्रजासत्ताक, चर्चचा सैल होत चाललेला अंमल आणि कधीच मोडून गेलेले कारागिरांचे जुने संघ, अशा फ्रान्समध्ये माणसांना एकमेकांशी बांधून ठेवणारे आता काय उरले आहे, हा त्याच्या जिवाला लागलेला घोर होता. बंधने सैल पडली की काय होते हे त्याला शोधायचे होते. ती अतिरेकी आवळली की काय होते, हा आपल्या काळाचा प्रश्न आहे असे त्याला वाटले नाही, म्हणून तो तळटीपेत गेला. तक्त्यात मात्र चारही खाने सारख्याच आकाराचे असतात.

मग त्याच ग्रंथाची प्रस्तावना वाच. सुमारे २६,००० आत्महत्यांच्या नोंदी वय, लिंग, वैवाहिक स्थिती आणि मुले असणे-नसणे यांनुसार हाताने वेगळ्या करण्याचे किचकट काम दुर्खीमचा भाचा मार्सेल मोस याने केले. या अप्रकाशित नोंदी ज्या खात्याकडून मिळाल्या, तिथल्या न्यायविषयक सांख्यिकी विभागाचा प्रमुख होता गाब्रिएल टार्ड. समाज म्हणजे अनुकरण, एका माणसाकडून दुसऱ्याकडे जाणारी लाट, असे १८९० मध्ये मांडणारा हाच तो टार्ड. आणि ज्या ग्रंथासाठी त्याच्या विभागातल्या नोंदी वापरल्या, त्याच ग्रंथात एक संपूर्ण प्रकरण त्याच्या सिद्धान्तावर चालून जाते. आत्महत्या अनुकरणाने पसरत असती तर नकाशावर एखाद्या केंद्राभोवती तिची वर्तुळे दिसली असती, असे म्हणून दुर्खीम फ्रान्सचा नकाशा पुढे ठेवतो आणि अशी वर्तुळे दिसत नाहीत, असे दाखवतो. १९०३ साली पॅरिसमध्ये दोघे समोरासमोर वाद घालायला उभे राहिले. सामाजिक तथ्यांना, म्हणजे व्यक्तीवर बाहेरून दाब आणणाऱ्या रीती-नियमांना, वस्तू मानून अभ्यासावे, हे १८९५ चे प्रसिद्ध सूत्र तू पाठ केले आहेस. पण या भांडणाशिवाय ते सूत्र म्हणजे नुसता हुकूम वाटतो. भांडण कळले की त्यातली निकड कळते. वर्षानुवर्षे आत्महत्येचे प्रमाण प्रत्येक देशात जवळपास ठरावीक राहते, माणसे मात्र दर वर्षी वेगळी असतात, मग ते प्रमाण कोणाचे, हा दुर्खीमचा प्रश्न होता. एखादी रीत पसरते कशी, हा टार्डचा प्रश्न होता. दोन प्रश्न वेगळे आहेत, हे आपल्याला कोणी सांगितले नाही. फक्त दुर्खीम जिंकला एवढे सांगितले.

आणि जिंकणे म्हणजे तरी काय? टार्ड १९०४ मध्ये गेला आणि पाठ्यपुस्तकांत आक्रसत आक्रसत एका ओळीपुरता उरला. पण मे १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात डॉ. आंबेडकरांनी जातिसंस्थेच्या उगमावरचा निबंध वाचला, तेव्हा एका गटाने स्वतःभोवती उभारलेली अंतर्विवाहाची, म्हणजे आपल्याच गटात लग्न करण्याची, भिंत इतर गटांपर्यंत पसरली कशी, हा प्रश्न त्यांच्यापुढे होता. पसरण्याच्या या प्रश्नाला दुर्खीमच्या उत्तराचा उपयोग नव्हता. वरच्या थराचे अनुकरण खालचा थर करतो, हा टार्डचा नियम त्यांच्या कामी आला. पॅरिसमध्ये निकालात काढलेला माणूस दुसऱ्या प्रश्नापुढे पुन्हा उभा राहिला. खरे कोणाचे, या तुझ्या सवालाचे उत्तर इथून सुरू होते: कोणत्या प्रश्नापुरते खरे, हे आधी सांग.

यावर तू लगेच म्हणशील, आणि म्हणायलाच हवे, की मग कोणीच कधी चुकत नाही का. चुकतात, आणि ठामपणे चुकतात. उद्योगप्रधान समाज आला की युद्धे मागे पडतील असे कॉम्तला वाटत होते. १९१४ साली युरोपातल्या सर्वांत प्रगत उद्योगांनी तोफा ओतल्या आणि ते भाकीत संपले. प्रश्न तोच असेल तर उत्तर तपासता येते आणि नाकारताही येते. पण पुष्कळदा ज्याला आपण खंडन म्हणतो, ते प्रश्न बदलणे असते. १९६७ मध्ये जॅक डग्लसने दुर्खीमच्या आकडेवारीवर आक्षेप घेतला तेव्हा त्याने विचारले, एखादा मृत्यू आत्महत्या आहे हे ठरवतो कोण आणि कशावरून? घरच्यांनी लपवलेले, अधिकाऱ्याने अपघात म्हणून लिहिलेले मृत्यू त्या प्रमाणात कुठे आहेत? या प्रश्नाने दुर्खीमच्या आकड्यांना धक्का बसला, पण समाजाची बांधणी आणि व्यक्तीचा एकाकीपणा यांविषयीचा त्याचा प्रश्न जागेवरच राहिला. खंडन कुठे झाले आणि प्रश्न कुठे बदलला, हे वेगळे करता येणे म्हणजेच सिद्धान्ताचा इतिहास येणे. बाकी सगळी सनावळी.

मार्क्स विरुद्ध वेबर हा सामना तुझ्या पत्रात दोनदा आला आहे. मार्क्स १८८३ मध्ये वारला तेव्हा वेबर अठरा वर्षांचा होता. ज्या लिखाणातून आपण मार्क्सचा परात्मभाव, म्हणजे कामगाराचे स्वतःच्या श्रमापासून तुटलेपण, शिकतो ती १८४४ ची हस्तलिखिते १९३२ साली छापली गेली, वेबरच्या मृत्यूनंतर बारा वर्षांनी. म्हणजे तुझ्या तक्त्यातल्या डाव्या रकान्यातला मार्क्स उजव्या रकान्यातल्या वेबरने कधी वाचलेलाच नाही. वेबर भांडत होता तो आपल्या काळातल्या मार्क्सवाद्यांशी, आणि तितकाच जर्मन अर्थशास्त्रातल्या स्वतःच्या गुरुजनांशी. प्रॉटेस्टंट नीती आणि भांडवलशाही यांच्या नात्यावरच्या १९०४-०५ च्या निबंधांच्या शेवटी तो स्वतःच बजावतो की इतिहासाच्या एकांगी भौतिकवादी स्पष्टीकरणाच्या जागी तितकेच एकांगी अध्यात्मवादी स्पष्टीकरण बसवण्याचा त्याचा इरादा नाही. तरीही 'वेबरने मार्क्सला खोटे ठरवले' हे वाक्य दर वर्षी उत्तरपत्रिकांत येत राहिले आणि त्याला गुणही मिळत राहिले. असे वाक्य लिहिणाऱ्याने निबंधाचे शेवटचे पान उलटलेले नसते, एवढाच त्याचा अर्थ.

वर्गाच्या व्याख्येचेही तसेच. 'मार्क्सची वर्गाची व्याख्या' पाच मुद्द्यांत लिहून दे, असे तुलाही कोणी तरी सांगितले असेल. मार्क्सच्या 'भांडवल'चा तिसरा खंड त्याचा सहकारी एंगेल्स याने १८९४ मध्ये प्रसिद्ध केला. त्याचे शेवटचे, बावन्नावे प्रकरण वर्गांवर आहे. जेमतेम दीड पान. मजूर, भांडवलदार आणि जमीनदार असे तीन मोठे वर्ग आहेत असे म्हणून मार्क्स विचारतो, वर्ग कशाने बनतो? वरवर पाहता उत्पन्नाच्या स्रोताने. पण मग डॉक्टर आणि सरकारी अधिकारी हेही दोन वर्ग ठरतील, आणि विभागणीला अंतच राहणार नाही. इथे हस्तलिखित तुटते, अशी एंगेल्सची टीप आहे. ज्या जागी तो माणूस स्वतः प्रश्न विचारून थांबला, त्या जागी आपण पाच मुद्दे लिहून मोकळे होतो! त्या दीड पानासाठी तरी मूळ ग्रंथ हातात घे. प्रश्न विचारताना एक मोठी बुद्धी कशी अडखळते ते तिथे दिसते, आणि ते कोणत्याही सारांशात दिसणार नाही.

मी हे इतक्या हट्टाने का सांगते, तेही लिहिते. माझ्या विद्यार्थिदशेत वर्गात टिपणे सांगितली जात आणि आम्ही ती उतरवून घेत असू. 'योगदान', 'टीका', 'समारोप' ही तीन उपशीर्षके प्रत्येक विचारवंताला सारखीच लागू पडत. मूळ ग्रंथ कपाटात बंद असे आणि किल्ली मागणाऱ्याला आगाऊ समजले जाई. ती वर्षे परत येत नाहीत. पुढे मी शिकवू लागले तेव्हा ठरवले की एका सत्रात एकच ग्रंथ, पण प्रस्तावनेपासून शेवटच्या तळटीपेपर्यंत. त्यामुळे अभ्यासक्रम पुरा करत नाही हा ठपका माझ्यावर कायम राहिला. विभागाच्या बैठकीत एका सहकाऱ्याने, तुम्ही विद्यार्थ्यांचे नुकसान करता, असे सर्वांदेखत सुनावले. काहींचे गुण गेले हे खरे आहे आणि त्याचे मला वाईट वाटते, पण पद्धत बदलावी असे मला तेव्हा वाटले नाही आणि आजही वाटत नाही. ज्याने एक ग्रंथ त्याच्या प्रश्नासकट वाचला त्याला पुढचे ग्रंथ स्वतःच्या बळावर वाचता येतात. ज्याने दहा सारांश वाचले त्याला अकरावाही सारांशच लागतो. विद्यार्थ्यांसाठी सोपे मार्गदर्शक पुस्तक लिहून द्या, असा आग्रहही मला झाला. मी नकार दिला, आणि त्या नकाराबद्दल मला आजही समाधान आहे. रुखरुख आहे ती निराळीच: जर्मन भाषा शिकायची राहून गेली. झिमेल आणि वेबर मी कायम दुसऱ्याच्या डोळ्यांनी वाचले. तुझे वय आहे तोवर एक भाषा शिकून घे.

आता या आग्रहाचे दुसरे टोक. समाजशास्त्राचे 'संस्थापक' म्हणून जी नावे तू बिनतक्रार लिहितेस, ती यादीही कोणाच्या तरी प्रश्नाचे उत्तर आहे. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ टॅल्कट पार्सन्सचा १९३७ चा ग्रंथ 'आता स्पेन्सर कोण वाचतो?' या उसन्या घेतलेल्या प्रश्नाने सुरू होतो. ज्या स्पेन्सरला एके काळी जगभर वाचले जात होते त्याला असा निरोप देऊन पार्सन्स मार्शल, पॅरेटो, दुर्खीम आणि वेबर यांना निवडतो, कारण त्याचा प्रश्न होता: स्वार्थ साधणाऱ्या माणसांच्या समाजात सुव्यवस्था टिकते कशी? त्या प्रश्नाला मार्क्सची अडचण होती, म्हणून मार्क्सच्या वाट्याला थोडीच पाने आली. मार्क्स, दुर्खीम आणि वेबर हे आज तुला सृष्टीच्या आरंभापासूनचे वाटणारे त्रिकूट मुख्यतः दुसऱ्या महायुद्धानंतर रूढ झाले. अँथनी गिडन्सच्या १९७१ च्या ग्रंथाने ते पक्के केले. यात कोणाचा कट नव्हता. प्रश्न ठरला की पूर्वज ठरतात.

आणि गळतातही. हॅरिएट मार्टिनो आपल्याला कॉम्तची अनुवादक म्हणून एका ओळीत भेटते. तिने १८५३ मध्ये कॉम्तच्या सहा खंडांचा दोन खंडांत संक्षेप केला हे खरे, आणि तो कॉम्तला इतका पसंत पडला की आपल्या अनुयायांनी मूळ ग्रंथाऐवजी तो वाचावा असे त्याने सुचवले, हेही खरे. पण त्याच्या कितीतरी आधी, १८३४ ते १८३६ या काळात, ही कर्णबधिर बाई कानाला नळी लावून अमेरिकाभर फिरली होती. सर्व माणसे समान आहेत असे ज्या देशाने लिहून ठेवले आहे, तो देश गुलामांना आणि स्त्रियांना वागवतो कसा, हे त्या देशाच्याच तत्त्वांच्या मापाने तिने तपासले. स्त्रियांच्या राजकीय अनस्तित्वावर १८३७ च्या ग्रंथात तिचे स्वतंत्र प्रकरण आहे. समाजाचे निरीक्षण कसे करावे याविषयीचे तिचे पुस्तक १८३८ चे आहे. दुर्खीमचा १८९५ चा पद्धतिशास्त्रावरचा ग्रंथ यायला अजून सत्तावन्न वर्षे होती. तिला अनुवादक म्हणून आटोपणाऱ्यांविषयी मला सौम्यपणे लिहिता येत नाही, म्हणून पुढे जाते.

कृष्णवर्णीय अमेरिकन समाजशास्त्रज्ञ डु बॉइसचा प्रश्न तर तू मुद्दाम शिकावास असा आहे, कारण त्याने दिलेला प्रश्न नाकारून दुसरा घेतला. १८९६ मध्ये फिलाडेल्फियाच्या सातव्या वॉर्डातल्या कृष्णवर्णीयांचा अभ्यास त्याच्याकडे सोपवला गेला तेव्हा या लोकांत काय बिघडले आहे, हा प्रश्न आधीच गृहीत होता. त्याने घरोघर जाऊन स्वतः माहिती गोळा केली आणि १८९९ च्या ग्रंथात प्रश्नाची दिशा फिरवली: कोणती कामे यांना नाकारली जातात, भाडे अधिक का द्यावे लागते, गुलामगिरीचा वारसा आणि शहरातला वर्णद्वेष मिळून माणसाचे आयुष्य कसे घडवतात? आपण स्वतःच एक समस्या आहोत असे सतत जाणवून देणारे जगणे कसे असते, हे त्याने १८९७ च्या लेखात आणि पुन्हा १९०३ च्या ग्रंथात विचारले, आणि दुहेरी जाणिवेची, म्हणजे स्वतःकडे सतत दुसऱ्याच्या नजरेने पाहण्याची, संकल्पना तिथून आली. वेबरने १९०६ मध्ये त्याचा लेख आपल्या नियतकालिकात छापला. वेबरला जो समकालीन वाटला, तो पुढच्या पिढ्यांच्या पाठ्यपुस्तकांना कित्येक दशके दिसला नाही.

एक धोका सांगून ठेवते, कारण तू उत्साही आहेस आणि घाईही करतेस. विचारवंताचा प्रश्न शोधणे म्हणजे त्याचे चरित्र उकरणे नव्हे. दुर्खीम ज्यू धर्मगुरूचा मुलगा होता, वेबरला वडिलांच्या मृत्यूनंतर मानसिक आजाराने ग्रासले, झिमेलला ज्यू कुळातला असल्यामुळे आणि त्याच्या लेखनशैलीमुळे पूर्ण प्राध्यापकपदासाठी १९१४ पर्यंत थांबावे लागले. ही माहिती जाणून घे, पण तिच्यातून सिद्धान्त पिळून काढू नकोस. प्रश्न शोधायचा तो मजकुरात. प्रस्तावना वाच, तळटीपा वाच, लेखक कोणावर चिडला आहे ते पाहा, कोणते विधान तो गरजेपेक्षा जास्त वेळा करतो ते पाहा, आणि त्या वर्षी त्याच्या देशात काय चालले होते ते शोध. एवढे पुरते.

आता बोर्दिए. त्याची 'हॅबिटस', म्हणजे अंगात मुरलेल्या सवयी आणि कल, ही संकल्पना 'लावते' असे तू लिहिले आहेस, जणू ते मलम आहे. हा माणूस १९५५ मध्ये सक्तीच्या लष्करी सेवेवर अल्जीरियात गेला. युद्धात गावांतून उठवून छावण्यांत आणलेले शेतकरी त्याने पाहिले. ज्या जगासाठी त्यांच्या सवयी, त्यांचा काळाचा हिशेब आणि त्यांची प्रतिष्ठेची कल्पना घडली होती ते जग राहिले नव्हते आणि नव्या मजुरीच्या जगात त्या सवयी बसत नव्हत्या. माणसाच्या अंगात मुरलेले जग आणि बाहेरचे जग यांचा सांधा निखळतो तेव्हा काय होते, या प्रश्नातून ती संकल्पना वाढली. तुझ्या त्या मुलाच्या बाबतीत असा सांधा कुठे निखळला आहे? निखळला असेल तर बोर्दिएकडे जा. नसेल तर जाऊ नकोस. त्याचे नाव घातल्याने प्रबंध जड होईल, खोल होणार नाही.

त्या मुलाच्या हसण्यामागचा प्रश्न तुझ्याआधी कोणाला पडला ते मी सांगते. 'भांडवल'च्या पहिल्या खंडात, कामाच्या दिवसावरच्या प्रकरणात, १८६३ मधल्या एका चौकशी आयोगापुढची एका आईची साक्ष आहे. मुलगा सात वर्षांचा असताना ती त्याला पाठीवर घेऊन बर्फातून भिंतीच्या कागदाच्या कारखान्यात नेत-आणत असे. तो दिवसाचे सोळा तास काम करी. त्याला यंत्र सोडता येत नसे, म्हणून तो यंत्रापाशी उभा असतानाच ती गुडघे टेकून त्याला भरवत असे. माणसाच्या हातांवर आणि वेळेवर मालकी कोणाची, हा तिथला मार्क्सचा प्रश्न. १९५१ मध्ये सी. राइट मिल्सने दाखवले की दुकानातल्या विक्रेत्याला मालासोबत स्वतःचे व्यक्तिमत्त्वही विकावे लागते. गॉफमनने माणूस इतरांपुढे स्वतःला कसा सादर करतो ते उलगडले. मग १९८३ मध्ये आर्ली हॉकशील्डने विमानातल्या परिचारिकांवर लिहिताना पहिल्याच प्रकरणात ती कारखान्यातल्या मुलाची साक्ष समोर ठेवली आणि विचारले: हात यंत्राला जुंपले जात होते तसे हसू आणि त्यामागची भावना कंपनीला जुंपली जाते तेव्हा काय होते? ते हसू त्या बाईचे राहते का? मिल्सला न दिसलेले कष्ट, म्हणजे हसू आतून घडवण्याचे काम, तिला दिसले. एकाने दुसऱ्याला खोडले नाही. प्रश्न हातातून हातात आला आणि दर वेळी थोडा बदलला.

तुझ्याकडे तो आणखी बदलून आला आहे. विमानातल्या त्या बायकांना कंपनी प्रशिक्षण देत होती, पर्यवेक्षक नेमत होती. तुझ्या मुलाला हसायला कोणी शिकवले? समोर मालक नाही, मुकादम नाही. आहे तो ग्राहक, आणि त्याने दिलेले स्टार मोजणारे यंत्र. ग्राहकाने ऑर्डर दाराबाहेर ठेवायला सांगितली आणि कोणी भेटणारच नसले, तरी तो तोंड पुसतो का, हे तू पाहिले आहेस का? पाहिले नसशील तर पुन्हा जा आणि पाहा. मग एका पानावर तुझा प्रश्न लिही. त्या पानावर एकाही विचारवंताचे नाव नको, एकही 'वाद' नको. ते पान मला पाठव. त्यानंतर वाचायला घे: आधी हॉकशील्ड, तिच्यापासून मागे मिल्स, त्याच्यापासून मागे मार्क्सचे ते प्रकरण, आणि प्रत्येकाचा प्रश्न तुझ्या प्रश्नाशेजारी मांड. चौकट त्यातून आपोआप उभी राहील आणि ती तुझी असेल.

तुझे मार्गदर्शक या महिन्यातच चौकटीचे नाव मागत आहेत, असे तू लिहितेस. त्यांच्याशी भांडू नकोस. आराखड्याची मुदत त्यांनाही पाळायची असते. त्यांना एवढेच सांग की प्रकरणांची रूपरेषा वेळेवर देते, सैद्धान्तिक प्रकरणासाठी दोन महिने वाढवून द्या. ते नाही म्हणाले तर मला कळव, मी स्वतः त्यांना पत्र लिहीन. आमचे मतभेद जुने आहेत, पण चांगला प्रश्न समोर आला की ते ऐकून घेतात, असा माझा अनुभव आहे. हॉकशील्डची माझी प्रत टपालाने पाठवते आहे. समासात पेन्सिलीने केलेल्या माझ्या नोंदी पहिल्या वाचनात वाचू नकोस.

तुझी,
बाई